कोळवाडीचा कच्चा हजेरीपट

पंचशीला सोनकांबळे दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मलप्पा कोरे ग्यानोबावर डाफरत होता.

"पुन्हा उजवीकडनं शिवलास कागद. निजाम जाऊन पस्तीस वर्षं झाली, तुझी सुई आजून उर्दूतच चालून राहिली."

ग्यानोबा टेकाळे कसनुसं हसला. साठी ओलांडलेला, लोह्याचा माणूस. उमेदवारी निजामी दप्तरात झाली. उर्दूत लिहिणं उजवीकडून, म्हणून फाईलही उजव्या काठानं शिवायची. पुढं मराठी आली, तो तहसील कचेरीत अव्वल कारकून होऊन रिटायर झाला, पण हाताचं वळण काही गेलं नाही. गेली दोन वर्षं तो लातुरात मलप्पाची टिपणं लिहायचा आणि त्याची बोलणी खायचा. मलप्पा निलंग्याकडचा, पोलिसातून जमादार म्हणून बाहेर पडलेला. दारावर 'खाजगी तपासनीस' अशी पाटी. लोक तिच्याकडं बघून जमिनीची मोजणी करून घ्यायला यायचे आणि शिव्या देत परत जायचे.

"काका, तुमच्या साहेबांना सांगा," पंचशीला ग्यानोबाकडं बघत म्हणाली. "मला सोमवारी अटक करणार हायेत."

ग्यानोबानं तिला खुर्ची दिली. पाणी दिलं.

पंचशीला चोवीस वर्षांची, कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षातली कारकून. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून जुनं दप्तर आलं होतं, फडक्यात बांधलेले हजारो रुमाल. ते सोडून, झटकून, यादी करून कपाटात लावायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. त्याच ढिगात जानेवारीत तिला एक कागद सापडला होता, आणि त्या एका कागदावर एक मंत्री आत जायचा होता.

"निवृत्तीरावांचा खटला," मलप्पा म्हणाला.

"हाव."

खटला साऱ्या मराठवाड्याला ठाऊक. बहात्तरच्या दुष्काळात कोळवाडीला पाझर तलाव झाला, असं सरकारी कागद सांगत. कोळवाडीत तलाव नव्हता. होता तो तेव्हाचे मंत्री निवृत्तीराव यांचा साठ एकरांचा मळा. त्याला दगडी बांधांच्या ताली घातलेल्या, भली थोरली विहीर, आंब्याची झाडं. दुष्काळाच्या कामावरची माणसं मंत्र्यानं स्वतःच्या रानात राबवली, असा आरोप. खटल्याला परवानगी मिळण्यातच सहा वर्षं गेली. शेवटी हायकोर्टानं बजावलं की मंत्र्याची खुर्ची म्हणजे कायद्याच्या वर बांधलेला माळा नव्हे. सरकारी शिपायाला जे कलम लागतं तेच मंत्र्याला. तेव्हा कुठं उभ्या मुलखानं कान टवकारले.

"मला सापडला तो कच्चा हजेरीपट," पंचशीला सांगू लागली. "कामाच्या जाग्यावर रोज भरायचा तो. पक्का मागून कचेरीत लिहायचे. पक्क्यावर 'पाझर तलाव' हाय. कच्च्यावर कारकुनानं खरं लिहिलं होतं, 'निवृत्तीराव यांचा मळा'. मी तसं यादीत नोंदवलं. काल तपास अधिकारी तो न्यायला आले, रुमाल सोडला, तर कच्च्यावर पण 'पाझर तलाव'!"

"नक्कल काढली नव्हती?"

"नव्या जिल्ह्यात टाइपरायटर पुरेनात, झेरॉक्स कुठलं? आता ते म्हणतात, एक तर तू यादीत खोटं लिहिलं, नाही तर पैसे खाऊन कागद बदलला. किल्ली माझ्याकडंच असते."

"कारकून कोण होता त्या कामावर?"

"नेमणुकीचे हुकूम वाळवीनं खाल्ले. त्या साली महिन्या-महिन्याला कारकून बदलत होते म्हणे. कच्च्यावर सही करायची पद्धत नव्हती."

मलप्पानं ग्यानोबाकडं पाहिलं. "तू तर त्या साली नोकरीत होतास की."

"व्हतो," ग्यानोबा म्हणाला. "कचेरीतला कोण नव्हता त्या साली दुष्काळाच्या कामावर? कोणाचेच हात निर्मळ न्हाई ऱ्हायले, मलप्पा."

ते त्यानं अगदी मनापासून सांगितलं.

अभिलेख कक्षात जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. शनिवारची दुपार, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. पंचशीलानं कपाट उघडलं, कागद शिवणाऱ्या नरसिंग दफ्तरीनं रुमाल टेबलावर ठेवला. पन्नाशीचा, तंबाखूचा बार भरलेला, तोंडानं तिखट माणूस.

मलप्पानं हजेरीपट उचलला. मे १९७३. जुना छापील फॉर्म, वर उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव. अक्षर सुटं सुटं, पोरानं पाटीवर गिरवल्यासारखं. चाळीस नावं, तारखा, तारखांखाली वार, हजेरीच्या खुणा. तो पानं उलटत राहिला आणि मध्येच थांबला.

"पोरी, हा बदललेला तुला पहिल्या नजरेला कळला न्हाई?"

"नाही ना. वरून तस्साच होता. तसाच फॉर्म, असाच उजवीकडनं शिवलेला, टाकेपण असेच लांब लांब. आतलं वाचलं तेव्हा कळलं."

"हं. रविवारी सुट्टी दिसते. सहा, तेरा, वीस, सत्तावीस, रकाने रिकामे. बाकी सगळे रोज हजर." त्याचं बोट एका ओळीवर आलं. "ही एक सोडून. अठरा मेनंतर हिच्या नावापुढं काहीच न्हाई. सरजाबाई सोनकांबळे."

"माझी आई," पंचशीला म्हणाली.

ग्यानोबा खिडकीकडं सरकला.

"मी चौदा वर्षांची होते. आई कामावर गेली ती बैलगाडीतून मढं होऊनच आली. सरकारनं सांगितलं, कामावर कोणी मेलंच नाही, घरी मेली असंल. मूळ कागदावर अठरा तारखेला तिच्या नावापुढं लिहिलं होतं, 'मयत'. एवढा एकच कागद होता साहेब, ती कामावर मेली म्हणून सांगणारा. तो मी विकीन?"

मलप्पानं कागद खाली ठेवला. तो नरसिंगकडं वळला.

"दफ्तरी, नोकरीला कवा लागलास?"

"साठ साली. का? माझ्यावर घालताय काय?"

"हे चार कागद शिवून दाखव."

नरसिंगनं दाभण घेतलं आणि पुटपुटत, डाव्या काठानं, चार बारीक टाके घातले. "झालं? आता नाचून पण दाखवू काय? मी चोर असतो तर पडक्या घरात ऱ्हायलो असतो व्हय?"

"न्हाई रे बाबा. आत येणाऱ्यांचं रजिस्टर दे."

एप्रिलात बाहेरचे दोघंच आत येऊन बसले होते. शेषेराव, मंत्र्यांच्या वकिलाचा कारकून, बारा तारखेला, कोर्टाच्या परवानगीनं, कागदांची यादी बघायला. आणि पाच व बारा तारखेला ग्यानोबा टेकाळे, पेन्शनचं काम.

"हा तर मीच," ग्यानोबा म्हणाला. "माझं सेवापुस्तक उस्मानाबादेच्या रुमालात अडकलंय. पंचशीलानं दोन्ही खेपांना बसवून घेतलं, चहा पाजला."

"काकांना मी कपाट उघडून ढीग चाळायला दिला होता," पंचशीला म्हणाली. "त्यांना जुन्या दप्तराची माहिती."

"आणि शेषेराव?"

"त्यांच्या डोक्यावर मी उभी होते. हात लावू दिला नाही."

मलप्पानं मान हलवली.

शेषेराव सापडला कोर्टासमोरच्या हॉटेलात. पांढरी सफारी, दोन बोटांत सिगारेट. "सरकारचाच कागद, सरकारच म्हणून राहिलं खोटा हाय," तो हसत म्हणाला. "आमचा काय संबंध? तलाव झाला, पावसात वाहून गेला. सोमवारी खटला आटपला बघा."

"तुम्ही कामावर गेलात कधी? दुष्काळाच्या?"

"मी? मी उन्हात पण जात न्हाई."

त्याच्या काखेतल्या कागदांना टाचण्या लावलेल्या होत्या. शेषेरावनं ग्यानोबाकडं एकदाही पाहिलं नाही. ओळख नसलेल्या माणसाकडंही एकदा नजर जाते; ग्यानोबाच्या मानेवर घाम आला.

चार वाजता मलप्पा म्हणाला, "कोळवाडीची कोंडाबाई हितंच लेकीकडं ऱ्हाते. त्या कामावर होती. चल."

"माझं डोकं ठणकून राहिलं," ग्यानोबा म्हणाला. "ऊन लागलं. तूच ये जाऊन."

तो एसटी स्टँडावर लिंबाखाली बसला. लोह्याची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. बसावं आणि निघून जावं, असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा पंचशीलाचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि पाय उचललाच नाही. गाडी निघून गेली.

तासाभरानं मलप्पा आला. शेजारी टेकला.

"म्हातारी भारी हाय," तो म्हणाला. "मी विचारलं, रविवारी सुट्टी असायची का? तर मलाच येड्यात काढलं. म्हणे, रविवार तुमच्या कचेरीतल्या बाबूंचा. आमचा खाडा बाजाराच्या दिवशी. कोळवाडीचा बाजार गुरुवारी. गुरुवारी कुदळ उचलली तर पीठमीठ कोणी आणायचं?"

ग्यानोबा खाली बघत राहिला.

"उद्या दहा वाजता सगळ्यांना बोलावलंय. तू पण ये. वाटलं तर."

'वाटलं तर' हे मलप्पा कधी म्हणत नसे.

रविवारी सकाळी मलप्पाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारी वकील पंचाक्षरी स्वामी होते, पंचशीला होती, नरसिंग होता. दाराशी तपास अधिकारी उभा. शेषेरावही आला होता. काय कळलंय ते मालकाला सांगायचं असणार. ग्यानोबा आला. नेहमीच्या जागी, टेबलाच्या कोपऱ्याला बसला.

"पहिली गोष्ट," मलप्पानं सुरुवात केली. "हा हजेरीपट नकली हाय. रविवार मोकळे, गुरुवारी सगळे हजर. कोळवाडीत गुरुवारी बाजार, काम बंद. कोळवाडीतले म्हातारे कोर्टात सांगतील. म्हणजे कागद जाग्यावर बसून लिहिलेला न्हाई."

"मग लिहिणारा कामावर कधी न गेलेला, शहरातला माणूस," स्वामी वकील शेषेरावकडं बघत म्हणाले.

"मला बी कालपर्यंत तसंच वाटलं. पण बघा, दहा वर्षांपूर्वीचा फॉर्म त्यानं शोधला. शिवला जुन्या चालीनं, उजवीकडनं. ही निजामी दप्तराची शिवण. शेषेराव टाचण्या लावतो. नरसिंग साठ सालचा, डावीकडनं शिवतो, बारीक टाका. पंचशीला तर निजाम गेल्यावर जन्मली."

"मग कोण?" नरसिंगनं विचारलं.

"पंचशीलाच काय म्हणाली, आठव. मूळ कागद असाच शिवलेला, टाकेपण असेच. म्हणून तिला फरक कळला न्हाई. मूळ आणि नकली, दोन्ही एका हातानं शिवले. मूळ कोणी शिवला? त्र्याहत्तरच्या कामावरच्या हजेरी कारकुनानं. नकली बी त्यानंच केला."

"पण तो तर कामावर रोज असणार," स्वामी म्हणाले. "त्याला गुरुवारचा बाजार ठाऊक नव्हता?"

"तेच तर." मलप्पाचा आवाज खाली आला. "चुलीपुढं जन्म गेलेली बाई भाकरीला मीठ विसरती का? त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मुद्दाम रविवार मोकळा ठेवला. मालकाला कागद पाहिजे होता, यानं कागद दिला, पण त्यात खोट ठेवून दिला. एखाद्या जाणत्यानं बघावं आणि धरावं म्हणून. आणि एक गोष्ट त्याच्या हातानं झालीच न्हाई. मालकाचं म्हणणं, कामावर कोणी मेलं न्हाई; चाळीसच्या चाळीस शेवटपर्यंत हजर पाहिजेत. एकोणचाळीस हजर हायेत. सरजाबाईला मेल्यावर हजर मांडायला त्याचा हात धजला न्हाई."

पंचशीलानं पदर तोंडाशी धरला.

"आता तो आत गेला कसा? एकदा मूळ काढायला, एकदा नकली ठेवायला. दोन फेऱ्या पाहिजेत. शेषेरावची एकच, ती बी पंचशीलाच्या नजरेखाली. आणि कोंडाबाई मला म्हणाली, तो हजेरीवाला बाबू समोर आला तर मी आजबी वळखीन." मलप्पा थांबला. "पुढचं नाव मी घेणार न्हाई. दोन वर्षं त्याच्या हातचं लिहिलेलं वाचलंय मी. ज्याचं त्यानं घ्यावं."

पंखा कुरकुरत होता. शेषेराव उठायला लागला, तर तपास अधिकाऱ्यानं दाराला पाठ लावली.

"मीच," ग्यानोबा म्हणाला.

पंचशीला त्याच्याकडं वळली. तिला आधी कळलंच नसावं, ती हळूच म्हणाली, "काका, काय बोलताय?"

"मीच, बाई. त्र्याहत्तरला जाग्यावर मीच व्हतो. कच्च्यावर खरं लिहिलं, ते काय शूरपणानं न्हाई. कच्चा कोण बघतो, म्हणून. पक्क्यावर 'तलाव' बी मीच लिहिला. परवा मार्चात मी गावी गेलो, तर हा शेषेराव लोह्याला आला. म्हणाला, त्या कागदावर तुझं अक्षर हाय, मंत्री आत गेले तर तू आधी जाशील, पेन्शन बंद, म्हातारपणी बेड्या. मी भ्यालो. फॉर्म माझ्याकडं जुने पडलेले; वळखू येऊ नये म्हणून अक्षर मोडून लिहिलं. पाच तारखेला कागद काढला, बारा तारखेला दुसरा ठेवला. मूळ ह्यानं माझ्या चुलीत घातला, माझ्या डोळ्यांदेखत."

"खोटं हाय!" शेषेराव किंचाळला.

"तिच्यावर येईल हे मला सुचलंच न्हाई," ग्यानोबा पुढं बोलत राहिला. "मला वाटलं, कोणी तरी गुरुवार-रविवार बघील, कागद बाद व्हईल, माझ्यावर बी न्हाई आणि कोणावरच न्हाई. शेळी बी राखायची आणि वाघाला बी राजी ठेवायचं, असलं ते शहाणपण. आणि तिनं आधी धाव घेतली ती माझ्याचकडं."

स्वामी वकिलांनी चष्मा पुसला. "मूळ कागद गेला. आता तुमची जबानी हाच पुरावा. माफीचा साक्षीदार व्हा, मी अर्ज करतो. तुम्हाला सोडतील."

"साक्ष देतो. माफी नका मागू माझ्यासाठी."

"अहो, शिक्षा होईल."

"व्हऊ द्या. ह्या पोरीचं नाव आजच काढा त्यातनं."

सोमवारी कोर्टात बसायला जागा नव्हती. अहमदपूर, निलंगा, पार माहूरकडूनही माणसं आली होती, मंत्री पिंजऱ्यात उभा राहतो तो कसा दिसतो ते बघायला. निवृत्तीराव खादीच्या कडक इस्त्रीत उभे होते. दहा वर्षांपूर्वी ग्यानोबा त्यांच्यापुढं मान वर करून उभा राहिला नव्हता. आज पिंजऱ्याची आणि साक्षीदाराच्या जागेची उंची एकच होती.

त्यानं सगळं सांगितलं. कोंडाबाई मागच्या बाकावर बसली होती. तिनं त्याला बघताक्षणी शेजारणीला ढोसलं.

मंत्र्यांचे वकील उठले. "म्हणजे तुम्ही स्वतः कबूल करता, तुम्ही खोटे कागद लिहिणारे आहात?"

"हाव. दोनदा लिहिले."

"मग तिसऱ्यांदा खरं बोलताय, हे कोर्टानं कशावरून धरावं? या मुलीची कीव आली म्हणून गोष्ट रचलीत. सरजाबाई मळ्यावर मेली, हे तुम्हाला काय ठाऊक?"

"ठाऊक हाय साहेब. साडेअकराला तिनं माझ्याकडं पाणी मागितलं." ग्यानोबानं कठडा धरला. "टँकर उभा व्हता. पण तो आंब्याच्या रोपांसाठी व्हता, माणसांना द्यायचं न्हाई, असा मंत्रीसाहेबांचा हुकूम. मी तिला म्हणालो, बाराची सुट्टी व्हऊ दे. ती बारापर्यंत ऱ्हायली न्हाई. मी तिचं नाव शोधलं, पुढं 'मयत' लिहिलं, आणि खालच्या बाईची हजेरी घेतली."

वकिलांनी आणखी एक प्रश्न विचारला, पण तो कोणाच्या कानांत शिरला नाही. न्यायाधीशांनी सगळी जबानी शब्दन् शब्द उतरवून घेतली. निवृत्तीरावांचा जामीन त्याच दुपारी रद्द झाला, आणि पंचशीलावरचा संशय सरकारी वकिलांनी लेखी काढून घेतला. ग्यानोबावर वेगळा खटला चालेल, असं न्यायाधीशांनी त्याला समजावून सांगितलं. "कळलं," तो म्हणाला.

व्हरांड्यात शिपाई त्याला घेऊन जात होता. मलप्पा बाजूनं चालत होता, एकही टोमणा न मारता. खांबाशी पंचशीला उभी होती. शिपाई थांबला.

तिनं शिवी दिली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "तिनं माझं नाव घेतलं का?"

ग्यानोबाला कळलं, ती काय ऐकायला उभी आहे. 'हाव' म्हणायला काय लागत होतं? पोरीला जन्मभर पुरलं असतं. आयुष्यभर ज्याला जे पाहिजे ते त्यानं लिहून दिलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पाणीच मागितलं."

पंचशीलानं मान हलवली. मग ती त्याच्याकडं न बघता पायऱ्या उतरून उन्हात गेली.